हाकेआधी ओ

इचलकरंजीतल्या हेमलता लिपारे यांच्या पाळणाघरात भिंतीवर बसवलेलं सरकारी यंत्र बिघडलं आहे, असं पुण्याच्या कचेरीत एकमतानं ठरलं. बिघाडही असा की कुणी पूर्वी पाहिला नव्हता. मूल हाक मारायच्या आतच त्या हाकेला उत्तर मिळाल्याची नोंद होत होती. एखाद्या वेळी नव्हे, दर तीन-चार हाकांमागे एकदा. उत्तर आधी आणि प्रश्न मागून, असा प्रकार पेपर फुटल्यावर परीक्षेत होतो. रांगत्या पोरांच्या खोलीत व्हायचं काही कारण नव्हतं. म्हणून कचेरीनं ऋजुता खामकर नावाच्या तरुण इंजिनिअर मुलीला नवं यंत्र आणि हत्यारांची पेटी देऊन इचलकरंजीला धाडलं.

"बिघाड?" दारातच हेमाकाकूंनी एका कमरेवरचं पोर दुसऱ्या कमरेवर घेतलं. "आमच्यात काय बिघडलेलं न्हाई. तुमच्या कचेरीतच काय तरी बिघडलं आसंल. या आत. खाली बघून या, पायात पोरं हाईत."

पायात खरोखरच पोरं होती. लांबट खोली, वर पत्रा, खाली सतरंज्या. एके काळी तिथे यंत्रमाग होते; त्यांचे नटबोल्ट काढल्याच्या खुणा फरशीत अजून होत्या आणि पोरं त्यांत बोटं घालून बसत. एकूण अकरा पोरं, सगळी तीन वर्षांच्या आतली. दाराजवळ स्टुलावर एक उंच, वाळका माणूस बसला होता.

"हे आमचे मालक," काकू म्हणाल्या. "ऐकू कमी येतं. मागावर कान गेले. बसून आसतात."

तो माणूस ऋजुताच्या तोंडाकडे निरखून बघत हसला आणि पुन्हा पोरांकडे बघू लागला. पोरं त्यांना काका म्हणत, म्हणून गल्लीही काका म्हणे.

यंत्राचं कागदोपत्री नाव सादमापक. गल्लीनं त्याला 'कान' म्हणायला सुरुवात केली, कारण भिंतीला कान असतात हे सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं आणि आता सरकारनं ते खरं करून दाखवलं होतं. पुरणपोळीएवढी पांढरी चकती, मधे बारीक भोकं. त्यामागचं शास्त्र मात्र गमतीचं होतं. बाळाच्या मेंदूत पहिल्या दोन-तीन वर्षांत जोडण्यांचा नुसता सपाटा चाललेला असतो. सगळ्या काही टिकत नाहीत. टिकतात त्या, ज्यांना बाहेरून जबाब येतो. पोर 'अं' करतं, कुणीतरी 'काय गं बाई?' म्हणतं, पोर पुन्हा 'अं' करतं आणि या देवघेवीत मेंदू आपली घडी बसवतो. हाकेला ओ मिळाली तर रस्ता पक्का होतो. मिळाली नाही तर पोर काही दिवस हाका मारतं आणि मग मारेनासं होतं. हे डॉक्टरांना पूर्वीच ठाऊक होतं. पण एका खोलीत दिवसभरात किती हाका झाल्या आणि किती रिकाम्या गेल्या, हे कुणाला मोजता येत नव्हतं. सादमापकाला ते जमलं. आवाज कुठून आला, कुणाकडे वळला, मधे किती वेळ गेला, एवढंच तो टिपे. शब्द साठवत नसे. कुणाच्या घरातलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून कायद्यानं त्याला आवाज ओळखायलाही बंदी होती. त्याच्या लेखी जगात दोनच जाती होत्या, मूल आणि मोठं माणूस.

मोजता आलं की हिशेब आला. रिकाम्या गेलेल्या हाकांची पुढे शाळेत, दवाखान्यात, कारखान्यात किती किंमत मोजावी लागते ते अर्थतज्ज्ञांनी मांडलं, आणि तो आकडा बघून विधानसभेत पहिल्यांदाच पाळणाघरांवर पूर्ण दिवस चर्चा झाली. तोवर या धंद्याचं गणित सोपं आणि वाईट होतं. आईच्या पगारातून आईसारखीच दुसरी बाई पोसायची, म्हणजे दोघीही अर्धपोटी. काकूंनी वीस वर्षं तेच केलं होतं. एखादी बाई महिन्याच्या शेवटी "काकू, पुढच्या खेपंला देतो" म्हणाली की काकू "आसू दे गं, घरचंच पोर हाय" म्हणत, आणि रात्री भाकरीला पीठ कमी घेत. आता बालनिधी निघाला. कारखाने, कचेऱ्या आणि सरकार मिळून पाळणाघराचा खरा खर्च भरणार, आणि सांभाळणारीला प्राथमिक शिक्षकाइतका पगार देणार. अट एकच होती. राज्यातल्या बाराशे पाळणाघरांत 'कान' लावून तज्ज्ञांनी काढलं होतं की एका माणसाला चार पोरांपर्यंत ओ देता येते; पाचव्यापासून हाका रिकाम्या जायला लागतात. म्हणून माणशी चार.

काकूंकडे मात्र अकरा होती आणि हाका रिकाम्या जात नव्हत्या. उलट त्यांचा आकडा जिल्ह्यात पहिला होता. त्यांना तात्पुरती सूट मिळाली होती. ती कायम होणार की सात पोरं कमी करावी लागणार, हे यंत्र खरं बोलतंय की खोटं, यावर होतं.

"खरंच बोलतंय ते," काकू ऋजुताला चहा देत म्हणाल्या. वीस वर्षांत त्यांना कुणी पहिला नंबर दिला नव्हता, आणि तो कुणी काढून घ्यायला आलेलं त्यांना आवडलं नव्हतं. "मला सवय हाय. एक हात पाळण्याला, एक भाताला. कान सगळीकडं."

"पण काकू, हाक मारायच्या आधी तुम्ही उत्तर कसं देता?"

"मी देतो व्हय?" काकूंनाही प्रश्न पडला. "मला काय म्हाईत. तुम्हीच शोधा."

ऋजुतानं शोधायला सुरुवात केली. जुनी चकती काढून नवी लावली. बिघाड नव्यातही आला. मग तिला पत्र्याचा संशय आला, आवाज पत्र्यावर आपटून यंत्राचा गोंधळ होत असेल. तिनं आणि काकूंनी मिळून पत्र्याखाली जुन्या गोधड्या बांधल्या. पोरांना ते इतकं आवडलं की दिवसभर सगळी वर बघून ओरडत राहिली आणि यंत्रानं हाकांचा उच्चांक नोंदवला. बिघाड तसाच. काकूंना आता गंमत वाटू लागली. भाकऱ्या थापताना मधेच त्या विचारत, "आत्ता आलं काय आधी?" आणि ऋजुता हातातल्या पडद्याकडे बघून म्हणे, "आत्ताच आलं काकू. दोनदा."

दुसऱ्या दिवशी काकू गिरणीत दळण आणायला गेल्या. गिरणीत वीज गेली म्हणून त्यांना बराच उशीर झाला. त्या घाईघाईनं परतल्या तेव्हा ऋजुता पडद्याकडे नव्हे, दाराकडे बघत बसली होती.

"रडली न्हाईत न्हवं पोरं?"

"नाही." ऋजुताला पुढे बोलावं की नाही असं झालेलं दिसत होतं. "काकू, एक करता का? उद्या सकाळी काम करू नका. भाताचं मी बघते. तुम्ही फक्त या कोपऱ्यात बसा आणि खोलीकडे बघा."

"नुसतं बसू? आणि पोरं?"

"पोरांना हात लावायचा नाही. बोलायचं नाही. फक्त बघायचं."

काकू बसल्या. वीस वर्षांत स्वतःच्या खोलीत त्या अशा कधी पाहुण्यासारख्या बसल्या नव्हत्या. आधी त्यांना पोरंच दिसली. स्वरा सतरंजीचा दोरा ओढत होती. सगळ्यांत धाकटा अयान पालथा पडून मान उचलायची खटपट करत होता. त्यानं मान उचलली, ती लटलटली, ओठ किंचित बाहेर आले. आता रडणार, असं काकूंना वाटेपर्यंत दाराकडून जिभेचा 'टक टक' आवाज आला आणि पाठोपाठ घशातला, लांबलेला 'हंऽऽ'. अयाननं मान तिकडे वळवली आणि मग तो ओरडला. ओरडणं रडण्याचं नव्हतं, हाकेला हाक देण्याचं होतं.

काकूंनी दाराकडे पाहिलं. काका स्टुलावर बसले होते. पण बसून कुठे होते? त्यांचे डोळे एका पोरावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर फिरत होते, आणि पुन्हा पहिल्यावर येत होते. स्वराच्या भुवया जवळ आल्या की त्यांची बोटं स्टुलावर ताल धरत आणि स्वरा हात वर करून बोलू लागे. कोपऱ्यातल्या दोघांत बाहुलीवरून जुंपणार तेवढ्यात त्यांनी एक टाळी वाजवली, आणि दोघं बाहुली सोडून त्यांच्याकडे रांगत निघाले. एकाला त्यांनी पायानंच उचलून मांडीवर घेतलं. तोंडानं एक शब्द नाही. नुसते हुंकार, टिचक्या, टकटक.

काकू बघतच राहिल्या. रोज अकरा पोरांत वावरताना पाठीमागून येणारे हे आवाज त्यांनी ऐकले होते, पण ते रिकामटेकड्या माणसाचे चाळे म्हणून सोडून दिले होते. कितीदा तर त्या चिडून म्हणाल्या होत्या, "ते टकटक बंद करा की ओ!" आणि पाठ फिरवून म्हटल्यामुळे काकांना ते कळलंच नव्हतं. काकूंना एकदम ओशाळल्यासारखं झालं. आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला, कारण पहिला नंबर त्यांचा एकटीचा नव्हता.

ऋजुता काकांच्या समोर जाऊन बसली, ओठ दिसतील अशी. "काका, पोरगं आता आवाज करणार हे तुम्हाला कळतं कसं?"

"आवाज कुठला कळतोय मला," काका हसून म्हणाले. बहिऱ्या माणसासारखं ते जरा मोठ्यानं बोलत. "मोटरसायकल दारात आली तर कळती. पोरांचा बारीक आवाज न्हाई येत. मग तोंड बघायचं. मागावर आसंच आसतंय. शेडात एवढा दणका, कानाचा उपयोग न्हाई. आठ मागांवर एक माणूस. धागा तुटल्यावर धावला तर कापड गेलं. तुटायच्या आधी तो जरा ढिला पडतो, ते बघायचं आणि माग थांबवायचा. पोराचं तोंड तसंच ढिलं पडतंय आधी. मग थांबायचं कशाला रडूस्तोवर?"

ऋजुता खुशीनं हसली. महिनाभर सगळ्या कचेरीला ज्यानं छळलं होतं ते कोडं सुटलं होतं. यंत्र धड होतं. ते आवाजावरून हाक ओळखत होतं आणि हा माणूस चेहऱ्यावरून. आणि चेहरा आवाजाच्या पुढे असतो. "काकू, हे मी कुठेच वाचलेलं नाही!" ती म्हणाली, आणि मग काकूंचा चेहरा बघून गप्प झाली.

"म्हणजे माझ्याकडं चारच पोरं ऱ्हायला पायजेत," काकू म्हणाल्या. "आणि सात न्यायची घरी."

"तुम्ही दोघं आहात. काकांचं नाव लावलं तर आठ. आणि दोघांना पगार."

काकांनी दोघींच्या ओठांवरून हे वाचलं आणि ते स्टुलावरून उठले. "माझं नाव कुठं घालू नका," ते म्हणाले. "बायको पोरं सांभाळती आणि नवरा बसून खातो, एवढं बोलत्यात लोक. ते चालतंय. नवरा पोरांचं ढुंगण धुतो म्हणून सरकारात नाव लागलं तर चौकात मला तोंड दाखवता यायचं न्हाई. आणि बहिऱ्याला पोरं सांभाळायचा पगार द्यायला सरकार येडं हाय काय?" असं म्हणून ते बाहेर गेले. ते बाहेर जाताच अयान रडायला लागला, आणि ऋजुताच्या हातातल्या पडद्यावरची, ओ मिळालेल्या हाकांची रेघ खाली आली.

दुपारी ऋजुतानं निघायच्या तयारीत उरलेली गोष्ट सांगितली. ती सांगताना ती काकूंच्या डोळ्यांकडे बघत नव्हती. "वरच्या लोकांना तुमचा आकडा फार आवडलाय. एक बाई अकरा पोरं सांभाळते, मग बाकीच्यांना चारच कशाला, असं अर्थखातं म्हणतंय. माणशी आठ करायचा प्रस्ताव आहे. म्हणजे पगार तोच, पोरं दुप्पट. पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला जिल्ह्यातल्या सगळ्या पाळणाघरवाल्यांची सभा आहे. तिथे तुमचा सत्कार करून ते जाहीर करणार. तुम्हाला मुख्य मार्गदर्शिका नेमायचं चाललंय. मोठा पगार आहे."

"मग तू सांग की त्यान्ला, काय बघितलंस ते."

"मला ते अहवालात लिहिता येत नाही, काकू. घरातल्या माणसाबद्दल घरच्यानं स्वतः सांगितल्याशिवाय नोंद करायची नाही, असा कायदा आहे. यंत्राला जसा आवाज ओळखता येत नाही, तसंच मला काका दिसत नाहीत." ती पेटी उचलून उठली. "मी सभेला असेन. तुम्ही काहीही ठरवलंत तरी मी समजून घेईन."

संध्याकाळी अयानची आई रुबिना त्याला न्यायला आली. ती गावाबाहेरच्या कपड्यांच्या कारखान्यात कामाला होती, आणि एकटीच होती. "काकू, सूट पक्की होणार म्हणं?" तिनं विचारलं. "मी तर तुमच्या जिवावरच उभी हाय. ह्याला दुसरीकडं कोण घेतंय?" काकूंनी अयानचं टोपडं बांधलं आणि "बघू" एवढंच म्हटलं. खरं सांगितलं तर रुबिनाचं पोर रस्त्यावर येणार. गप्प बसलं तर साऱ्या राज्यातल्या बायकांच्या अंगावर आठ-आठ पोरं पडणार, त्यांच्या हाका रिकाम्या जाणार, आणि खापर फुटायचं त्या बायकांच्याच डोक्यावर, की हेमलता लिपारेंना जमतं, तुम्हाला का जमत नाही?

सभेच्या आदल्या दिवशी, पोरं दुपारची झोपली असताना, काकू काकांच्या समोर जाऊन बसल्या. गेली कित्येक वर्षं त्यांचं बोलणं ओरडून, चुलीकडून, पाठमोरंच होत होतं. आणि निम्मं पोचत नसे म्हणून दोघांनीही ते कमी करत आणलं होतं. आज त्या आवाज न करता, नुसत्या ओठांनी बोलल्या.

"तुम्ही एवढं करताय, मला कधी सांगितलं न्हाईसा?"

"त्यात काय सांगायचं?" काका हळू बोलायचा प्रयत्न करत म्हणाले. "माग गेल्यावर हाताला काम नव्हतं. डोळ्याला तरी काम मिळालं."

"उद्या सांगू काय मी?"

काकांनी झोपलेल्या पोरांकडे पाहिलं. "सांगितलंस तर तुझा मान जाणार, माझी अब्रू जाणार, आणि तीन पोरं तरी कमी होणारच," ते म्हणाले. "न सांगितलंस तर समद्यांचं बरं दिसतंय." मग त्यांनी मान हलवली. "मला नको इचारूस. मी तुला न्हाई म्हणणार, आणि मग तू ऐकायची न्हाईस. तू जा. हिकडचं बघतो मी."

कोल्हापूरच्या सभागृहात जिल्ह्यातल्या बायका खच्चून भरल्या होत्या. पडद्यावर काकूंचा आलेख एवढा मोठा दाखवला होता की मागच्या रांगेतल्या आजीबाईनंही चष्म्याशिवाय पाहिला असता. बालनिधीचे उपसंचालक देवस्थळी हे सज्जन, गोड बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी शाल आणि नारळ देऊन काकूंचा सत्कार केला, आणि मग 'एका व्यक्तीमागे आठ' हे इतक्या हळुवारपणे सांगितलं की टाळ्या वाजवायला सुरुवात केलेल्या काही बायकांना मधेच थांबावं लागलं. सभागृहात कुजबुज झाली. पहिल्या रांगेतली एक बाई काकूंकडे अशी बघत होती, जशी सासुरवाशीण नणंदेकडे बघते.

"लिपारेताई, आता तुमचं रहस्य सगळ्यांना सांगा," देवस्थळी म्हणाले आणि ध्वनिक्षेपक त्यांच्या हातात दिला.

काकू उभ्या राहिल्या. एका हातात नारळ, एका हातात ध्वनिक्षेपक. काय बोलायचं ते त्यांनी एसटीत चारदा घोकलं होतं, ते सगळं डोक्यातून गेलं. त्यांच्या मनात त्या वेळी एकच विचार होता, की आता घरी पोरांना भात भरवायची वेळ झाली आणि काकांना अयानला दूध कोमट करून द्यायची आठवण राहील ना. आणि त्या विचारासरशी त्या समोरच्या भरलेल्या सभागृहाकडे नव्यानं बघायला लागल्या.

"मी एक इचारू काय?" त्या म्हणाल्या. "आज सुट्टी न्हाई. कारखाने चालू हाईत. पोरं सकाळीच आल्यात. आणि आपण समद्या हितं बसलोय. मग पोरं कुणाकडं हाईत?"

देवस्थळींनी कचेरीतल्या माणसाकडे पाहिलं, त्यानं आपल्या पायाकडे पाहिलं. सभेचं निमंत्रण देताना हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता.

"माझी अकरा पोरं आमच्या मालकांकडं हाईत," काकू म्हणाल्या. "आजच न्हवं. रोजच आसतात. मला म्हाईत नव्हतं. ह्या तुमच्या कचेरीतल्या पोरीनं मला बसवून दाखवलं. मी एकटी अकरा न्हाई सांभाळत. आम्ही दोघं सांभाळतो, आणि पगार एकीचा हाय, नंबर एकीचा हाय." एवढं बोलून त्यांनी नारळ टेबलावर ठेवून दिला. "आता तुमचं सांगा. तुमची पोरं कुणाकडं हाईत?"

मग जयसिंगपूरकडची एक ठसठशीत बाई उठली. "माझ्या सासूकडं. पंचाहत्तर वर्षांची हाय. रोज तीच पाळणा हलवती."

"माझी मोठी पोरगी घरात हाय," मागून आवाज आला. "आज शाळा बुडवली तिनं. परवा पण बुडवली हुती."

"भाऊ हाय. त्याला काम न्हाई म्हणून."

"शेजारीण. तिला मी दिवाळीला साडी घेतो."

आवाज वाढत गेले. कुणाची जाऊ, कुणाची विधवा बहीण, कुणाचा पेन्शनीतला बाप. पहिल्या रांगेतली ती बाई आता रडत होती. तिच्याकडे कोण आहे हे तिनं सांगितलं नाही, पण तिच्या शेजारणीनं तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

ऋजुता भिंतीजवळ उभी होती. ती व्यासपीठाजवळ आली आणि देवस्थळींना म्हणाली, "सर, आठचं सोडा. आपला चारचा आकडासुद्धा खोटा आहे."

"म्हणजे?"

"यंत्र मोठ्या माणसांचे आवाज वेगळे ओळखत नाही. बाराशे घरांत आपण एकेक बाई मोजली असं समजलो. आपण एकेक घर मोजलं. सासू, मुलगी, शेजारीण, सगळ्या मिळून चार पोरं नीट सांभाळतात. एका माणसाला किती जमतात, तीन का दोन, ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. आपण ते कधी मोजलंच नाही."

देवस्थळी खुर्चीत बसले. वाईट माणूस नव्हता तो. आकडा खोटा आहे कळल्यावर खरा कोणता ते शोधावं, असं वाटण्याइतका माणूस त्यांच्यात अजून शिल्लक होता. त्यांनी चष्मा पुसला. मग ध्वनिक्षेपक मागून घेतला. आठचा प्रस्ताव आज मागे घेतो, असं ते म्हणाले. सगळं माप नव्यानं करावं लागेल. ते होईपर्यंत कुणाचंही पोर कुठूनही काढायचं नाही. आणि घराघरात जी जी दुसरी माणसं काम करतात त्यांची नावं, ती माणसं तयार असतील तर, आजपासून लिहून घ्यायची. पैसा कुठून आणायचा ते मला या घडीला ठाऊक नाही, पण खर्च खरा असेल तर तो आधी खरा मांडू तरी. टाळ्या पडल्या नाहीत. बायका त्यांच्याकडे नीट बघत होत्या, हा माणूस शब्द पाळेल का म्हणून.

"लिपारेताई, तुमच्यापासून सुरुवात करू," देवस्थळींनी स्वतः पेन काढलं. "त्यांची हरकत नाही ना?"

काकूंना काकांचं ते मान हलवणं आठवलं. चौक आठवला, चौकातली माणसं आठवली. आणि पायानं पोर उचलून मांडीवर घेणारा तो वाळका माणूस आठवला, जो आत्ता या क्षणी अकरा तोंडांवरून डोळे फिरवत बसला असेल. लोक हसतील त्यांना. हसोत. घरी जाऊन भांडू, समोर बसून.

"काही राग धरायचा तर माझ्यावर धरतील," त्या म्हणाल्या. "लिहा तुम्ही. उद्या त्यांना स्वतः सही करायला आणतो."

"नाव सांगा त्यांचं."

काकूंनी तोंड उघडलं आणि शब्दच आला नाही. तीस वर्षं अहो, हे, मालक, पोरांचे काका. बायकाच त्या; सभागृहाला लगेच कळलं. जयसिंगपूरवाली ओरडली, "उखाण्यात घ्या की काकू!" आणि रडून जड झालेलं सभागृह एकदम हसायला लागलं. "घ्या, घ्या!" टाळ्यांचा ताल सुरू झाला. काकूही हसल्या, पदरानं त्यांनी डोळे पुसले. लग्नातला उखाणा जिभेवर आलाही होता. मग त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"उखाणा नको," त्या म्हणाल्या. "उखाणा हौसंचा आसतोय. ह्यो कामाचा माणूस हाय." त्या पुढे झाल्या आणि देवस्थळींच्या पेनाकडे बघत, एकेक अक्षर नीट लिहिता यावं अशा बेतानं बोलल्या. "विरूपाक्ष. विरूपाक्ष शंकर लिपारे. पोरं सांभाळतात. पगार लावा."